तेरा आठवड्यांत बंद पडलेलं थीम पार्क : मिस्टर ब्लॉबी एका गावाला कसा महागात पडला

इंटरनेटवर एक फोटो अधूनमधून फिरत असतो. दाट झाडीत एक पडकं घर. कार्टूनमधून उचलून आणून ठेवल्यासारखा त्याचा आकार. भिंतींचे पोपडे निघालेत, आत झाडोरा माजलाय. फोटोखाली बहुतेक वेळा भुताखेतांच्या कहाण्या जोडलेल्या असतात. अमुक मुलगी हरवली, तमुक रखवालदाराने रात्री आवाज ऐकले वगैरे.

त्यातलं काही खरं नाही. ते घर होतं मिस्टर ब्लॉबीचं. ब्लॉबी म्हणजे ब्रिटिश टीव्हीवरचं एक पात्र. अंग गुलाबी, त्यावर पिवळे ठिपके, गळ्यात बो टाय, चेहऱ्यावर कायमचं हसू. त्याला एकच शब्द बोलता यायचा, स्वतःचं नाव. १९९४ मध्ये इंग्लंडमध्ये या ब्लॉबीच्या नावाने थीम पार्क निघाली. फोटोतलं घर त्यांतल्या एका पार्कचं आहे. पण खरी भानगड झाली ती दुसऱ्याच गावात. तिथला ब्लॉबी तेरा आठवडे टिकला आणि त्याचं बिल गावाने पुढे कित्येक वर्षं फेडलं.

आधी हा ब्लॉबी आला कुठून ते बघू.

१९९१ पासून बीबीसीवर शनिवारी संध्याकाळी 'नोएल्स हाऊस पार्टी' नावाचा कार्यक्रम लागायचा. सूत्रसंचालक नोएल एडमंड्स. कार्यक्रम क्रिंकली बॉटम नावाच्या काल्पनिक खेड्यातल्या बंगल्यात घडतोय, असं दाखवलं जायचं. पाहुणे यायचे, गाणी व्हायची, प्रेक्षकांची फजिती व्हायची. त्यातला एक भाग होता प्रसिद्ध लोकांना टोपी घालण्याचा. खेळाडू, नट, गायक यांना सांगायचं, की लहान मुलांसाठी एक शैक्षणिक कार्यक्रम करतोय, त्यात तुम्ही तुमच्या क्षेत्राची माहिती द्या, सोबतीला आमचं एक बाहुलं असेल. मग ते बाहुलं कॅमेऱ्यासमोर धडपडायचं, सामान पाडायचं, पाहुण्याच्या अंगावर कोसळायचं. मुलांचा कार्यक्रम म्हटल्यावर पाहुण्याला चिडताही यायचं नाही. हे बाहुलं म्हणजे ब्लॉबी.

म्हणजे ब्लॉबी हे मुळात मुलांचं पात्र नव्हतंच. मुलांच्या कार्यक्रमांत जी गोड गोड पात्रं असतात, त्यांची ती टिंगल होती. निर्माता मायकल लेगो याच्या डोक्यातून ती निघाली, आणि त्या जाड पोशाखात धडपडणारा बॅरी किलर्बी हा शेक्सपिअरच्या नाटकांत काम केलेला नट होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गंमत मोठ्यांसाठी होती, पण वेड लागलं पोरांना. एकदा सगळ्यांना ब्लॉबी कोण ते कळल्यावर कुणाला फसवायला त्याचा उपयोग राहिला नाही. मग तो कार्यक्रमाचाच कायमचा सभासद झाला. बाहुल्या, टी-शर्ट, चादरी, डबे, सगळ्यांवर ब्लॉबी आला. १९९३ च्या अखेरीला त्याचं गाणं निघालं. ब्रिटनमध्ये नाताळच्या आठवड्यात कोणतं गाणं पहिल्या क्रमांकावर आहे, याची पैज लागावी इतकी चर्चा असते. त्या वर्षी 'टेक दॅट' या त्या वेळच्या सगळ्यात गाजलेल्या बँडचं गाणं शर्यतीत होतं. त्याला मागे टाकून ब्लॉबी पहिला आला. गाण्याच्या व्हिडिओत पुढे 'टॉप गिअर'मुळे जगभर माहीत झालेला जेरेमी क्लार्कसन ब्लॉबीचा ड्रायव्हर म्हणून दिसतो. समीक्षकांनी ते गाणं कायम सगळ्यात वाईट गाण्यांच्या यादीत टाकलं, पण लोकांनी विकत घेतलं.

एवढं चाललेलं नाणं म्हटल्यावर थीम पार्कची कल्पना पुढे येणारच होती. टीव्हीत दिसणारं क्रिंकली बॉटम हे खेडं खरोखर उभारायचं, ब्लॉबी तिथे मुलांना भेटेल, तिकीट लावायचं. पहिलं पार्क सॉमरसेट परगण्यातल्या क्रिकेट सेंट थॉमस इथे झालं. नावात क्रिकेट असलं तरी खेळाशी संबंध नाही, ते जागेचं जुनं नाव आहे. तिथे एक मोठी हवेली होती, भोवती प्राणिसंग्रहालय होतं आणि लोक आधीपासून सहलीला येत होते. 'टू द मॅनर बॉर्न' ही गाजलेली मालिका याच हवेलीत चित्रित झालेली. म्हणजे ब्लॉबी नसता, तरी तिथे दिवस घालवायला काहीतरी होतं. फोटोतलं घर इथलंच.

दुसरं पार्क मात्र इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मोरकम गावी निघालं. इथे गोष्ट वेगळी होती.

मोरकम हे एकेकाळचं नावाजलेलं समुद्रकाठचं सहलीचं गाव. ब्रॅडफर्ड, लीड्स या गिरण्यांच्या शहरांतले कामगार वर्षाची सुट्टी लागली, की रेल्वेत बसून इथे यायचे. इतके, की मोरकमला 'समुद्रकाठचं ब्रॅडफर्ड' म्हणत. खाडीपलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर दिसतात. १९३३ साली उभं राहिलेलं मिडलँड हॉटेल आजही वास्तुकलेच्या पुस्तकांत सापडतं. 'मिस ग्रेट ब्रिटन' ही सौंदर्यस्पर्धा १९४५ साली इथेच सुरू झाली.

मग स्वस्त विमानं आली. ज्या पैशात मोरकमला पावसात भिजत आठवडा काढायचा, त्यात थोडी भर घातली की स्पेनमध्ये ऊन मिळू लागलं. गिरण्याही बंद पडत गेल्या. समुद्रात जाणारे गावाचे दोन धक्के होते. एक १९७७ च्या वादळात गेला, दुसरा आगीनंतर मोडकळीला येऊन १९९२ मध्ये पाडला. सौंदर्यस्पर्धाही गावाबाहेर गेली. किनाऱ्यावरची लॉज ओस पडली.

त्यात एक जुनी जखम होती. १९७४ साली सरकारने स्थानिक संस्थांची पुनर्रचना केली. त्यात मोरकमची स्वतःची नगरपालिका गेली आणि गाव शेजारच्या लँकेस्टर शहराच्या कौन्सिलमध्ये घातलं गेलं. तेव्हापासून मोरकमकरांची एक तक्रार कायम आहे, की आमच्या गावाचे निर्णय दुसऱ्या गावात बसून घेतात.

अशा वेळी या कौन्सिलला देशातल्या सगळ्यात लोकप्रिय पात्राचं पार्क आपल्या हद्दीत आणण्याची संधी दिसली. तिने ती घेतली. हे आज वेडेपणाचं वाटेल, पण १९९४ च्या सुरुवातीला वाटलं नसावं. ब्लॉबीचं गाणं नुकतंच पहिलं आलं होतं. कार्यक्रमाला सर्वोच्च काळात दीड कोटीच्या आसपास प्रेक्षक होते. मरायला टेकलेल्या गावाला असं कुणीतरी हवंच होतं.

जागा ठरली हॅपी माउंट पार्क. ही १९२७ सालापासूनची सार्वजनिक बाग. झाडं, हिरवळ, मुलांची खेळणी, शरद ऋतूत दिव्यांची रोषणाई. पिढ्यान्‌पिढ्या लोक इथे फुकट यायचे. आता तिथे कुंपण आणि तिकीटखिडकी आली.

इथे अशा पार्कांचा व्यवहार कसा असतो ते समजून घ्यायला हवं. टीव्हीवरच्या पात्राचे हक्क कुणाच्या तरी मालकीचे असतात. पार्क काढणारा त्या मालकाकडून नाव आणि रूप वापरायचा परवाना घेतो. परवान्याचे पैसे द्यावे लागतात, पात्र कसं दिसावं, कसं वागावं याच्या अटी पाळाव्या लागतात. जमीन, बांधकाम, नोकर, देखभाल हे सगळं पार्क काढणाऱ्याकडे. पात्राची हवा ओसरली, तर मालक नवं पात्र आणतो. पार्कवाल्याच्या हातात रंगवलेल्या भिंती उरतात. खासगी कंपनी हा धोका स्वतःच्या पैशाने पत्करते. मोरकममध्ये पैसा कौन्सिलचा होता, म्हणजे करदात्यांचा. व्यवहार नोएल एडमंड्सच्या कंपनीशी झाला.

३० जुलै १९९४ ला उद्घाटन झालं. एडमंड्स आला, ब्लॉबी आला, पोरं आली, पेपरात फोटो आले.

पहिला उत्साह ओसरल्यावर लोकांना प्रश्न पडला, की आत करायचं काय? ब्लॉबी भेटला, हात मिळवला, फोटो काढला. पुढे? नाव घ्यावं अशी मोठी राइड नव्हती. टीव्हीवरची गंमत ही धडपडीत होती, ऐन वेळी होणाऱ्या फजितीत होती. ती हिरवळीवर दिवसभर, दर तासाला घडवून आणता येत नाही. तिथे राहतो तो पोशाख घातलेला एक माणूस आणि त्याच्या नावाची दुकानं. पैसे वाया गेले म्हणून लोक तक्रारी करू लागले. स्थानिक लोकांचा राग तर वेगळाच होता. ज्या बागेत आजोबांनी बोटाला धरून आणलं, तिथे आता नातवाला न्यायला तिकीट काढायचं.

वेळही चुकली होती. इंग्लंडमध्ये शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. समुद्रकाठच्या गावांची वर्षाची कमाई या सहा आठवड्यांवर. ३० जुलैला दार उघडायचं म्हणजे त्यातला एक आठवडा गेलेलाच. सप्टेंबरात पोरं शाळेत, ऑक्टोबरात खाडीवरचा वारा. गर्दी अंदाजाच्या जवळपासही फिरकली नाही. नोव्हेंबर उजाडेपर्यंत कौन्सिलने पार्कला कुलूप लावलं. मोजून तेरा आठवडे.

पार्क बंद झालं, पण प्रकरण नाही. नोएल एडमंड्सच्या कंपनीचं म्हणणं, कौन्सिलने करार मोडला. कौन्सिलचं म्हणणं, आम्हाला फसवणारी स्वप्नं विकली. वाद कोर्टापर्यंत गेला आणि वर्षं खाऊन शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. कौन्सिलला कंपनीला पैसे द्यावे लागले. पार्कचा तोटा, वकील आणि तडजोड धरून एकूण खड्डा २० लाख पौंडांहून मोठा झाला. १९९४ च्या दराने ते साडेनऊ कोटी रुपयांच्या आसपास होतात. लंडनसाठी ही रक्कम काहीच नाही. पण ज्या कौन्सिलला कचरा उचलायचा असतो, पोहण्याचे तलाव चालवायचे असतात, तिच्यासाठी ती मोठी होती. सरकारी लेखापरीक्षकाने चौकशी केली आणि अहवालात कौन्सिलच्या निर्णयावर कडक ताशेरे ओढले. निष्कर्षाचा रोख असा, की हा व्यवहार शहाणपणाचा नव्हता आणि जनतेच्या पैशाची काळजी घेतली गेली नाही.

पेपरांनी नाव दिलं 'ब्लॉबीगेट'. अमेरिकेतल्या वॉटरगेटवरून कुठल्याही भानगडीला 'गेट' जोडायची सवय, पण इथे ते हसू येणारं नाव गावाला चिकटलं आणि त्यातली कळ लोकांना विसरता आली नाही. मोरकमची स्वतंत्र नगरपालिका परत हवी म्हणणाऱ्या 'मोरकम बे इंडिपेंडंट्स' या स्थानिक गटाने १९९९ च्या कौन्सिल निवडणुकीत मोठी मुसंडी मारली. त्यामागे १९७४ पासूनचा राग होताच, पण ब्लॉबीने त्याला एक चेहरा दिला. लँकेस्टरवाले आमच्या गावाचं काय करतात, हे विचारलं की उत्तर तयार होतं, तेही गुलाबी रंगात.

एवढ्यावरून टीव्हीवर आधारलेली पार्क चालतच नाहीत, असं म्हणता येणार नाही. अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट'वरचं 'सेसमी प्लेस' पेनसिल्व्हेनियात १९८० साली सुरू झालं, ते अजून चालू आहे. आणि इंग्लंडच्याच हॅम्पशर परगण्यात 'पेपा पिग वर्ल्ड' आहे. हे नाव ओळखीचं वाटेल, कारण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन उद्योगपतींसमोर भाषण करताना कागद हरवून बसले आणि मग आपण काल पेपा पिग वर्ल्डला गेलो होतो, तुम्हीही जा, असं सांगत सुटले. ती क्लिप जगभर फिरली. भाषण फसलं, पण त्यांनी ज्या धंद्याचं कौतुक केलं, तो खरोखर चाललेला धंदा आहे.

तो का चालला आणि ब्लॉबी का नाही?

एक तर पेपा पिग वर्ल्ड रिकाम्या हिरवळीवर उभं राहिलं नाही. पॉल्टन्स पार्क हे एका कुटुंबाने १९८३ पासून चालवलेलं पार्क. राइड, बागा, पक्षी, पार्किंग, खाणंपिणं, सगळी घडी बसलेली. पेपा २०११ मध्ये आली ती या घडीत. आणि नुसती फोटोला आली नाही, मालिकेतल्या गोष्टींवर बेतलेल्या सात राइड घेऊन आली. सगळ्या अशा, की तीन वर्षांच्या मुलाला आईबापाबरोबर बसता यावं. मोठ्या पार्कांत या वयाच्या पोराला उंचीच्या पट्टीपाशीच परत पाठवतात, त्यामुळे छोट्यांच्या आईबापांना अशी जागा हवीच होती. उद्या पेपाचं चित्र पुसलं, तरी पोराला राइडमध्ये बसायचं असतंच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. पेपा ही पहिल्यापासून दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. ती मुलं मोठी होऊन तिला विसरतात, पण दर वर्षी नवी दोन वर्षांची मुलं तयार होतात आणि त्यांच्यासाठी तोच जुना भाग नवा असतो. त्यामुळे २००४ सालची मालिका २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातही पार्क काढू शकली. ब्लॉबी म्हणजे टिंगल होती, आणि टिंगलीचं आयुष्य लोक हसायचे थांबेपर्यंत. ज्यांना मूळ गंमत कळायची ती मोठी माणसं १९९४ च्या अखेरीला कंटाळलेली होती. पोरांना तो आवडायचा, पण पोरांसाठी त्याच्याकडे गोष्ट नव्हती. घर, आई, भाऊ, मित्र, शाळा, असं पेपाकडे जे आहे त्यातलं काही नाही. मुलांसाठी गोष्टच नसलेल्या पात्राभोवती मुलांचं गाव वसवायचं, हे काम डिझ्नीलाही जड गेलं असतं. कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना तर ते नवंच होतं.

मोरकमनंतरही ब्लॉबीचा प्रयोग लगेच थांबला नाही. पूर्व किनाऱ्यावर लोस्टॉफ्टजवळच्या प्लेझरवुड हिल्स या जुन्या पार्कात त्याचा एक विभाग काही काळ होता. तो गेल्यावर मूळ पार्क चालत राहिलं, कारण त्याच्याकडे स्वतःच्या राइड होत्या. क्रिकेट सेंट थॉमसमध्येही नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ब्लॉबीचा मुक्काम हलला. हवेलीचं हॉटेल झालं आणि ब्लॉबीचं घर झाडीत तसंच राहिलं. 'नोएल्स हाऊस पार्टी' मार्च १९९९ मध्ये बंद झाली. दहाएक वर्षांनी पडक्या जागा हुडकत फिरणारी कॅमेरेवाली मंडळी त्या घरापर्यंत पोचली आणि फोटो फिरायला लागले. लोक रात्रीबेरात्री तिथे घुसू लागले. शेवटी २०१४ च्या सुमारास ते पाडून टाकलं. त्यामुळे आज कुणी ते बघायला जायचा बेत करत असेल, तर तिथे बघायला काही नाही.

आणि मोरकम? ज्या वर्षी हाऊस पार्टी बंद झाली, त्याच १९९९ मध्ये टीव्हीमुळेच गावाला एक चांगली गोष्ट मिळाली. एरिक मोरकम हा ब्रिटिश टीव्हीवरचा सगळ्यात लाडका विनोदवीर. खरं आडनाव बार्थोलोम्यू, पण गावचं नाव लावून तो मोठा झाला आणि १९८४ मध्ये वारला. समुद्राकडेच्या रस्त्यावर त्याचा पुतळा उभारला, राणी एलिझाबेथने अनावरण केलं. एक पाय उचलून नाचण्याची त्याची ठरलेली लकब, गळ्यात दुर्बीण, मागे खाडी आणि डोंगर. तिकीट नाही. गावात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तिथे एक पाय वर करून फोटो काढतो. परवाना, पोशाख, तासागणिक कार्यक्रम यातलं काही लागत नाही.

गावाला मोठं आकर्षण हवं, ही गरज मात्र गेलेली नाही. कॉर्नवॉलमध्ये पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटांतली जंगलं उभारणारा 'ईडन प्रोजेक्ट' आता मोरकमच्या किनाऱ्यावर येतोय. २०२२ मध्ये बांधकामाला परवानगी मिळाली, २०२३ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने ५ कोटी पौंड जाहीर केले. एकूण खर्च त्याच्या दुप्पट सांगितला जातो. या वेळी आधार टीव्हीचा नाही, खाडीचाच आहे. भरती-ओहोटी, पक्षी, वाळू हा विषय आहे. गावात आशा आहे, आणि ज्यांना १९९४ आठवतं त्यांचे प्रश्नही आहेत. घुमट बांधून झाल्यावर चालवायचा खर्च कोण करणार, हिवाळ्यात माणसं येणार का, गाड्या कुठे लावणार.

हॅपी माउंट पार्क आजही कौन्सिलच्याच ताब्यात आहे. उन्हाळ्यात मुलं तिथे कारंज्यांत भिजतात. आत जायला पैसे पडत नाहीत.